पुढचा फोन चार वाजता

आमच्या देरा भागातल्या फ्लॅटमध्ये त्या हिवाळ्यात पंधरा दिवस फोडणीचा आवाज आला नाही. मला कांजिण्या आल्या होत्या, आणि घरात कांजिण्या असल्या की तेल तापवायचं नाही, काही तळायचं नाही, हे आई चिपळूणहून जसं शिकून आली होती तसंच तिने दुबईतही पाळलं. मऊ भात, वर चमचाभर तूप, मीठ, कधी दही. बाबा बिचारे खालच्या बेकरीतून गरम खबूस रोट्या आणून उकडलेल्या बटाट्याबरोबर मुकाट्याने खायचे. मी दहावीत होते आणि हॉलमधल्या दिवाणावर पडून असायचे, कारण बेडरूममध्ये माझी धाकटी बहीण मनू झोपायची आणि तिला लागण होऊ नये म्हणून आईने घराची वाटणीच करून टाकली होती. कडुनिंबाचा डहाळा बाबांनी रस्त्याकडेच्या झाडावरून, इकडेतिकडे बघत, तोडून आणला होता. तो हातात धरून अंग खाजवायचं नाही म्हणून स्वतःला बजावत मी दिवसभर घराचे आवाज ऐकायचे. खिडकीतल्या एसीची घरघर हिवाळ्यामुळे बंद होती, त्यामुळे एरवी न ऐकू येणारं सगळं ऐकू यायचं. मशिदीतली बांग, खाडीवरच्या अब्रांची, म्हणजे होड्यांची, फटफट, शेजारच्यांचा प्रेशर कुकर आणि या सगळ्याच्या वर आमच्या टेलिफोनची बटणं.

तो फोन लालसर रंगाचा होता. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या स्टुलावर असायचा, आणि त्याची वायर एवढी लांब होती की आई रिसीव्हर खांद्यात धरून भात उतरवू शकायची. शहरातल्या शहरात फोन करायला तेव्हा पैसे पडत नसत. नाहीतर पुढे जे झालं ते होऊच शकलं नसतं.

कांजिण्यांची साथ त्या वर्षी शाळेतच होती. सहावी ते आठवीच्या वर्गांत इतकी मुलं आजारी पडली की तेवढा विभाग आठवडाभर बंद ठेवायचं ठरलं. नोटीस मुलांच्या डायरीत लिहून पाठवली, पण निम्मी मुलं घरीच होती, त्यांना डायरीत कोण लिहून देणार? दुसऱ्या दिवशी बरीच मुलं शाळेच्या फाटकातून परत पाठवली गेली. मनूच्या वर्गातली एक तमिळ मुलगी, जिचे आईवडील दोघंही कामावर जात, बंद दाराबाहेर जिन्यात डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिली. नंतर पालकांची सभा झाली. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, शाळेत दोनच लाइनी आहेत, आम्ही तरी कुणाकुणाला फोन करणार? बाबांच्या शेजारी बसलेली माझी आई, जी बाजारात भाजीचा भाव विचारतानाही बाबांना पुढे करायची, ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आय विल टेलिफोन."

बाबा घरी येताना गाडीत तिला म्हणाले, "अगं, इंग्लिश तरी येतं का तुला एवढं?"

"टेलिफोन करायला किती इंग्लिश लागतं?" आई म्हणाली. "मूल बरं आहे का, शाळा आहे का, बस येणार का. तीन वाक्यं झाली."

तिने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ती तीन वाक्यं लिहिली आणि सहावी ते आठवीच्या सगळ्या घरांची नावं त्यात उतरवली. नुसते नंबर नव्हते त्यात. कुठल्या घरी फोन नाही आणि खालच्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, निरोप ठेवावा लागतो. कुठल्या घरात पुरुष माणूस नसेल तर बाई फोन उचलत नाही, तिथे शेजारणीला सांगायचं. लिसी सिस्टर नावाच्या एका केरळी नर्सची मुलगी अनू मनूच्याच वर्गात होती. लिसी सिस्टरला कायम रात्रपाळी, म्हणून दिवसा झोप. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'दोनदा वाजवून ठेवून द्यायचा, मग पुन्हा करायचा, तरच उचलते.' बारा आयांना तिने दहा-दहा घरं वाटून दिली आणि प्रत्येकीकडून फोनवर घोकून घेतलं. आधी मुलाचं सांगायचं. मग काय झालंय ते. मग काय करायचं ते. जेवढं माहीत आहे तेवढंच. आणि शेवटी, पुढचा फोन किती वाजता येईल हे सांगितल्याशिवाय रिसीव्हर ठेवायचा नाही.

"आणि पुढच्या फोनपर्यंत काहीच कळलं नाही तर?" मी एकदा दिवाणावरून विचारलं.

"तर काही कळलं नाही असं सांगायला फोन करायचा," आई म्हणाली. "वाट बघणाऱ्याला तेवढंही पुरतं."

मला तेव्हा हे काही विशेष वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला तिची थोडी लाजच वाटायची. ती मल्याळममध्ये 'शाळा नाही' म्हणायला शिकली होती आणि फोनवर ते इतक्या चिपळुणी हेलात म्हणायची की मी उशीत तोंड खुपसायचे.

पावसाचा तो दिवस माझ्या कांजिण्यांच्या दुसऱ्या आठवड्यातला. खपल्या धरायला लागल्या होत्या. शाळा पुन्हा सुरू झाली होती, मनू सकाळी बसने गेली होती, बाबा कंपनीच्या कामाला अबू धाबीला. दहाच्या सुमारास आकाश वाळूच्या रंगाचं झालं, मग काळं, आणि मग जो पाऊस कोसळला तसा मी त्या शहरात आधी कधी पाहिला नव्हता. तिथे हिवाळ्यात वर्षातून दोनचार सरी यायच्या, मुलं बाल्कनीत हात बाहेर काढून नाचायची, खलास. रस्त्यांना पाणी वाहून जायला वाटच ठेवलेली नव्हती. बारापर्यंत आमच्या बिल्डिंगखालच्या गाड्यांची चाकं दिसेनाशी झाली. साडेबाराला सुपरवायझर मॅडमचा फोन आला: शाळा लवकर सोडतोय, बसेस निघाल्या आहेत.

आईने बारा आयांना फोन लावले. अडीचपर्यंत एकेक बस पोचल्याचं कळत गेलं आणि ती वहीत खुणा करत गेली. मनूची बस नव्हती. त्या बसमध्ये सव्वीस मुलं होती. पहिल्या स्टॉपवर उतरणाऱ्या चौघांच्या घरी आईने स्वतः फोन केला, चौघंही पोचली होती. लिसी सिस्टरकडे अनूनेच उचलला, "I'm home, aunty," म्हणाली, आणि आईने खूण केली. उरली बावीस. शाळेला विचारलं तर मॅडम म्हणाल्या, बस पहिल्या स्टॉपपुढे गेली, त्यानंतर कुणी पाहिली नाही. पोलिसांना कळवलंय.

आईने रिसीव्हर ठेवला, ग्लासभर पाणी प्यायली, वहीचं एक कोरं पान काढून त्यावर बावीस नावं लिहिली. मनीषा हे नाव तिने सतराव्या क्रमांकावर लिहिलं, कारण नावं बसच्या वाटेने लिहिली होती आणि त्यात आमचं घर सतरावं यायचं.

"ही घरं मी कुणाला देणार नाही," ती मला म्हणाली. "ही मीच करणार. तू घड्याळ बघ. प्रत्येकाला दोन मिनिटांच्या वर नाही. आणि शाळा बंद होती तेव्हा ठेवायचे तसाच, दर तासाची शेवटची दहा मिनिटं मी फोन खाली ठेवणार. कुणाला आपल्याला सांगायचं असेल तर लाइन मोकळी पाहिजे."

तीन वाजता ती बसली. "नमस्ते, मैं मनीषा की मम्मी. बस अभी तक पहुंची नहीं है. कहां है, मालूम नहीं. पोलिस ढूंढ रहा है. आप घर पे ही रहना, रस्ते पे पानी है. मैं चार बजे फिर फोन करेगी." एकवीस वेळा. कुणी रडलं, कुणी देवाचं नाव घेतलं. कुणी तिलाच दहा प्रश्न विचारले. ती प्रत्येकाला तेच म्हणायची, मालूम नहीं. खोटा धीर एकालाही दिला नाही. मधेच एका बाईने विचारलं, बस वादीत, म्हणजे ओढ्यात, वाहून गेली असं शेजारी म्हणतात, खरं का? आई म्हणाली, "किसने देखा? नाम बताओ, मैं उसको फोन करती हूं." नाव नव्हतंच. तो ओढा तिथेच आटला.

चारच्या फेरीत अरोरासाहेब म्हणून एक वडील होते, ते इतके ओरडले की त्यांचा आवाज मला दिवाणावर ऐकू आला. "आपको क्या है! आपका बच्चा थोड़ी बस में है, इसलिए इतने आराम से बोल रही हैं!"

"है, भाईसाब," आई म्हणाली. "मेरी मनीषा उसी बस में है. पांच बजे फिर फोन करती हूं." आणि पुढचा नंबर फिरवायला लागली.

मी पंधरा वर्षांची होते आणि मनू माझीही बहीण होती. मी पांघरुणात तोंड घालून रडत होते, हे इथे लिहायला हरकत नाही. पण त्या वाक्यानंतर मी रडायची थांबले आणि आईकडे बघत राहिले. साडीचा पदर खोचलेला, कानाशी रिसीव्हर, उजव्या हाताची तर्जनी वहीवरच्या नावावर ठेवलेली. रोज मला दहीभात भरवणारी, मल्याळम चुकवणारी बाई ही नव्हती. किंवा तीच होती, आणि मी तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं. एखाद्या उंच इमारतीखाली उभं राहून वर बघताना मान दुखेपर्यंत टोक सापडू नये, तसं मला झालं.

मधल्या वर्षांत मी त्याच देशात संसार केला. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहत होतो तेव्हा जगभर ती महासाथ आली, शाळा एका रात्रीत लॅपटॉपमध्ये गेल्या, आणि मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर दिवसाला शेकड्याने मेसेज यायला लागले. सगळं सगळ्यांना त्याच क्षणी कळत होतं, आणि तरी आम्ही आयाबाया एकमेकींना विचारत होतो, नक्की काय? मी तेव्हा पुण्याला आईला फोन लावून म्हटलं होतं, तू हवी होतीस. तिला कमी ऐकू येतं आता. ती म्हणाली, "जेवलीस का?"

तर, चारची फेरी पावणेपाचला संपली. पाच वाजायला दहा मिनिटं असताना आईने रिसीव्हर खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन फोनसमोर बसली. दोन मिनिटांत तो वाजला.

"आई, मी मनू."

मी दिवाणावरून उडी मारली. आईने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "मनू, बसमध्ये कोण कोण आहे? एकेक नाव सांग. सावकाश."

कशी आहेस, कुठे आहेस, काही नाही. नावं. मनू सांगत गेली आणि आईचं बोट वहीवरून सरकत गेलं. नंतर आम्हाला कळलं ते असं. आमचा ड्रायव्हर शेरजमान चाचा, म्हातारा पठाण, रस्त्यावर पाणी चढताना बघून बस मुख्य रस्ता सोडून एका उंचवट्यावरच्या छोट्या मशिदीकडे घेऊन गेला. इंजिन तिथे कायमचं बंद पडलं. मशिदीत फोन नव्हता. त्याने मुलांना आत नेऊन गालिच्यावर बसवलं, इमामाने खजूर आणि पाणी दिलं. बऱ्याच वेळाने एक स्थानिक गृहस्थ मोठ्या जीपमधून पाणी कापत नमाजाला आले, त्यांच्या गाडीत फोन होता. शाळेचा नंबर लागेना. मनूने आमचा दिला, तोही लागेना. ते पुन्हा पुन्हा लावत होते, तेव्हा मनू त्यांना म्हणाली, "Uncle, wait. My mother keeps it free at ten to five." त्या गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं आणि खरोखर थांबले.

नावं एकवीसच झाली.

"शबाना?" आईने विचारलं. "शबाना कुठंय?"

"ती पहिल्या स्टॉपला उतरली. तिचा स्टॉप नव्हता तरी. तिचं डोकं दुखत होतं. She went with the others."

"कुणाबरोबर?"

"मी पाहिलं नाही, आई. आम्ही सगळे पाऊस बघत होतो."

"बरं. तू सगळ्यांजवळच थांब. चाचांना सांग, एकही मूल बाहेर सोडायचं नाही. तुम्ही आहात त्या जागेचं नाव विचार त्यांना." नाव लिहून घेऊन तिने फोन ठेवला, शाळेला एकदा लावून पाहिला, लागला नाही, आणि मग पोलिसांना लावून नाव दिलं. मी म्हटलं, "आई, आता सगळ्यांना सांग ना पटपट, मुलं सापडली म्हणून!"

"नाही. आधी शबानाच्या अम्मीला."

"तिला काय सांगणार? आधी शोधू तरी."

"एकवीस घरांत आनंद झाला की तिला दुसऱ्याच कुणाकडून कळेल, बस सापडली. ती समजेल तिची पण आहे. मग मी तिला काय सांगू?" आणि तिने तो नंबर फिरवला. मी आयुष्यात खूप माणसांना वाईट बातम्या देताना पाहिलं, डॉक्टरांना, साहेबांना. असं कुणाला पाहिलं नाही. "अम्मी, मैं मनीषा की मम्मी. बैठ जाओ पहिले. बस मिल गई है. उसमें इक्कीस बच्चे हैं, ठीक हैं. शबाना उसमें नहीं है. वो पहले स्टॉप पे, पानी आने से पहले, उतरी है, बाकी बच्चों के साथ. किसके घर गई, मैं अभी पूछती हूं. आप फोन के पास बैठो. दस मिनट में मैं बताएगी." पलीकडून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. आई तो संपेपर्यंत थांबली. त्या दिवशी दोन मिनिटांचा नियम तिने फक्त तिथे मोडला.

पहिल्या स्टॉपची चार घरं. तिघांनी नाही म्हटलं. चौथं लिसी सिस्टरचं, आणि तिथे आता फोन कुणी उचलेना. आईने दोनदा वाजवून ठेवून दिला. पुन्हा लावला. झोपाळलेला आवाज आला, "Yes?"

"सिस्टर, शबाना तुम्हारे घर में है क्या?"

"No, no. Only Anu. One minute." तिची पावलं, दार, मग बराच वेळ काही नाही. आईचं बोट वहीवर होतं आणि ते पांढरं पडलं होतं. मग लिसी सिस्टर आली, आता पूर्ण जागी. "है. Both sleeping in Anu's bed. हाय फीवर है उसको. पूरा छाती पे दाना है, same chickenpox. ये लड़की मेरे को उठाई नहीं, मम्मी नाइट ड्यूटी करके सोई बोलके!"

अनू आणि शबाना दोघींनी शबानाच्या घरी फोन केला होता. लागला नव्हता, कारण अम्मी सारखी शाळेला लावत होती. मग शबानाला ग्लानी आली, आणि अकरा वर्षांच्या अनूने तिला आपल्या पलंगावर झोपवून अंगावर दोन पांघरुणं घातली आणि कुशीत स्वतःही झोपून गेली.

आईने शबानाच्या घरी फोन केला. दहापैकी सात मिनिटं झाली होती. मग बाकीची वीस घरं. अरोरासाहेबांकडे फोन त्यांच्या बायकोने घेतला, आणि मागे तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना ऐकू येत होता. सगळं झाल्यावर आई मला म्हणाली, "तीनच्या आधी मी अनूला फक्त तिचंच विचारलं. घरात अजून कुणाचं मूल आहे का, हे विचारायला पाहिजे होतं. दोन तास त्या बाईला मी उगाच जाळलं." मी म्हटलं, तुझी काय चूक? तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वहीच्या पहिल्या पानावर, तीन वाक्यांच्या खाली, तिने ते चौथं वाक्य लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

त्या गृहस्थांनी आपल्या भावांच्या गाड्या बोलावल्या आणि मुलं, लिसी सिस्टरकडची शबानासुद्धा, पाण्यातून घरोघर पोचवली. सातच्या सुमारास मनू आली, अंगाभोवती कुणाचा तरी पांढरा रुमाल गुंडाळलेला, हातात अर्धा खजूर. आई जिन्यापाशी उभी होती. तिने मनूचे केस चाचपले, हात बघितले, पाय बघितले. "आई," मनू फुरंगटून म्हणाली, "you didn't even ask how I was." आई पायरीवर बसली, ओल्या पायरीवर, आणि मनूला पोटाशी धरून इतका वेळ बसून राहिली की त्या गृहस्थांनी मान वळवली, हलकेच "अलहमदुलिल्लाह" म्हटलं आणि निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी आईचा घसा बसला होता. रस्त्यांवर पाणी होतंच. सुपरवायझर मॅडमनी कळवलं की उद्याही शाळा बंद. बारा आयांना आईने कुजबुजत निरोप दिले. शबानाचं घर खरं तर त्यातल्याच एकीच्या यादीत होतं, पण तिथे आईने स्वतः नंबर फिरवला. मी जवळच होते. पलीकडे अम्मी आली नाही. तापातून उठलेला, चिरका, बारीक आवाज आला, "Hello? Who's speaking?"

आईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"Hello? कौन है?"

आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आदल्या अख्ख्या दिवसात न आलेलं. तिने ते पदराने पुसलं, घसा साफ केला, आणि बसक्या आवाजात, एकेक शब्द नीट सोडवत, तिने निरोप दिला.

"बेटा, कल भी स्कूल बंद है. मम्मी को बता देना."